कोलनच्या ऑपरेशनआधी पोट साफ करायचं म्हणजे नक्की काय काय करायचं : पावडर, गोळ्या आणि घड्याळ

माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे नानांचं, मोठ्या आतड्याचं ऑपरेशन डिसेंबरमध्ये झालं, इथेच इंदूरला. ऑपरेशन सकाळी ८ चं, ऍडमिट आदल्या संध्याकाळी ७ ला व्हायचं आणि तोपर्यंतची सगळी तयारी घरी करून यायची असं सांगितलेलं. हातात एक कागद दिला, त्यावर पावडरचं नाव, गोळ्यांची नावं, वेळा, खाली सही. झालं. घरी येऊन आम्ही तिघं त्या कागदाकडे बघत बसलो. नाना म्हणाले, एवढं काय त्यात, रात्री एरंडेल देतील तसंच असणार, लहानपणी दर महिन्याला द्यायचे. तसं अजिबात नसतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय, कारण हे काम डॉक्टर नाही करत, नर्स नाही करत, घरातली एक व्यक्ती स्वयंपाकघर आणि बाथरूम यांच्यामध्ये चकरा मारत करते.

आधीच सांगते, कोणती पावडर किती आणि कोणती गोळी किती मिलिग्रॅम हे तुमच्या सर्जनच्या कागदावर असेल तेच खरं. माझं वाचून मेडिकलवरून काही आणायचं नाही. आणि पेशंटचं पोट फुगलंय, उलट्या होतायत, गॅससुद्धा पास होत नाहीये असं असेल तर आतड्यात अडथळा असू शकतो, अशा वेळी वरून लिटरभर पाणी ओतणं धोक्याचं आहे. पावडर फोडूच नका, सरळ डॉक्टरला फोन.

आता मुख्य गोष्ट, जी मला स्वतःला दोन दिवस कळली नव्हती. ही तयारी म्हणजे एक काम नाही, दोन आहेत. पावडर आतडं धुते. गोळ्या जंतू मारतात. मला वाटायचं की पोट एकदा स्वच्छ झालं की जंतूही गेलेच ना त्याच्यासोबत. नाही जात. मोठ्या आतड्यात एक ग्रॅम मळामागे शंभर अब्जाच्या घरात जंतू असतात आणि धुतल्यावर मळ जातो पण आतड्याच्या भिंतीला चिकटलेली वस्ती राहतेच, आणि तीच वस्ती आतडं कापून जोडताना जखमेत उतरते. त्यातले बहुतेक जंतू तर हवा नसलेल्या ठिकाणीच वाढणारे, बॅक्टेरॉइड्स वगैरे, आणि बाकी आपले ई. कोलाय. म्हणून दोन प्रकारची औषधं लागतात, एक या जातीसाठी, एक त्या जातीसाठी.

याला जुन्या डॉक्टरी पुस्तकांत आतड्याचं अँटिसेप्सिस म्हणायचे. १९४० च्या दशकात अमेरिकेत टेक्सासला एडगर पोथ नावाचे सर्जन सल्फाच्या गोळ्या देऊन हे करून बघत होते. १९४९ मध्ये वाक्समन आणि लेशेव्हालिए यांना नियोमायसिन सापडलं. ते आतड्यातून रक्तात फारसं शोषलंच जात नाही, आतड्यातच राहून काम करतं, म्हणून या कामाला एकदम फिट्ट बसलं. मग १९७३ मध्ये निकोल्स आणि कॉन्डन यांच्या टीमने नियोमायसिन १ ग्रॅम आणि एरिथ्रोमायसिन १ ग्रॅम अशी जोडी वापरून रिझल्ट छापले, आणि ऑपरेशन सकाळी ८ ला असेल तर आदल्या दिवशी दुपारी १, दुपारी २ आणि रात्री ११ ही त्यांची वेळ अजूनही कितीतरी ठिकाणी तशीच चालते. नानांच्या कागदावरही हाच १, २, ११ होता, फक्त एरिथ्रोमायसिनच्या जागी मेट्रोनिडॅझोल, कारण एरिथ्रोमायसिनने मळमळ फार होते आणि नानांच्या ईसीजीत काहीतरी असं होतं की ती गोळी नको म्हणाले. १९७७ मध्ये अमेरिकेत एक चांगला अभ्यास झाला, पोट सगळ्यांचंच धुतलं, पण अर्ध्यांना खऱ्या गोळ्या आणि अर्ध्यांना खोट्या. जखम पिकण्याचं प्रमाण खोट्या गोळ्यावाल्यांत ३५ टक्के आणि खऱ्यावाल्यांत ९ टक्के. हा आकडा मी नानांना ऐकवला तेव्हा कुठे एरंडेलाचा विषय संपला.

हो, यावर डॉक्टरांचं आपसात एकमत आहे असं समजू नका. २०१९ मध्ये फिनलंडमधल्या चार हॉस्पिटलांत चारशेच्या आसपास पेशंटवर एक अभ्यास झाला, त्यात कोलनच्या ऑपरेशनला पावडर अधिक गोळ्या आणि काहीच तयारी नाही यांत फरक दिसला नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये सांगितलंय की ठरलेल्या ऑपरेशनला गोळ्या आणि धुणं दोन्ही करा, आणि नुसतं धुणं करून गोळ्या न देणं हे मात्र करू नका. म्हणजे तुमचे सर्जन काहीच तयारी नको म्हणाले तरी ते चुकीचे नाहीत, पण कागदावर नुसती पावडर असेल आणि गोळी नसेल तर एकदा नम्रपणे विचारायला हरकत नाही की सर गोळ्या द्यायच्या नाहीत का. फार तर काय होईल, कारण समजावून सांगतील.

आठवडाभर आधीपासून काय करायचं ते बघा. डॉक्टरांना सगळ्या चालू गोळ्यांची लिस्ट द्या, सगळ्या म्हणजे आयुर्वेदिक, होमिओपॅथी, शेजारच्या काकूंनी दिलेली पण. रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करायच्या का आणि कधी, हे फक्त तेच ठरवणार, स्वतः बंद केल्या तर हार्टचा झटका यायचा. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवतात, त्यांनी मळ काळा चिकट होतो आणि धुतला जात नाही. शुगरवाल्यांनी खास विचारा, ज्यांच्या नावाच्या शेवटी ग्लिफ्लोझिन येतं, डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, या ऑपरेशनच्या किमान ३ दिवस आधी बंद करतात, उपाशी पोटी त्यांनी रक्तात आम्ल साचतं आणि शुगर मशीनवर नॉर्मल दिसत राहते त्यामुळे कोणाला पत्ताही लागत नाही. बाकी शुगरच्या गोळ्या आणि इन्सुलिनचा डोसही त्या दिवशी बदलावा लागतो, कारण जेवणच नाहीये. किडनीचा त्रास असेल तर ते ओरडून सांगा, कारण फॉस्फेटवाली जुलाबाची औषधं अशा लोकांच्या किडन्या बिघडवू शकतात आणि नियोमायसिनही अशांना जपून देतात. ऐकू कमी येत असेल तर तेही सांगा. आणि इसबगोल बंद. आमच्या घरात हे पटवायला सगळ्यात वेळ लागला, कारण नानांच्या मते पोट साफ म्हणजे इसबगोल, तीस वर्षं घेतायत. पण इसबगोल म्हणजे चोथा वाढवणारी वस्तू, आणि आपल्याला आतड्यात चोथा नकोय.

त्यावरूनच जेवण. दोन तीन दिवस आधीपासून हलकं आणि बिनचोथ्याचं. पांढरा भात, गाळलेलं मुगाचं वरण, साल काढलेला बटाटा, साल आणि बिया काढून दुधी, ब्रेड, अंडं खात असाल तर अंडं, थोडं दही. ज्वारी, बाजरी, मका, पालेभाज्या, पेरू, टोमॅटोच्या बिया, तीळ, खसखस, शेंगदाणे, सगळं बाहेर. आता इंदूरच्या माणसाला हे सांगणं म्हणजे काय असतं ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. पोहे चालतील का? नुसते पोहे हलकेच असतात हो, पण इंदूरचे पोहे नुसते कुठे असतात, त्यात बडीशेप, वर डाळिंबाचे दाणे, शेव, कच्चा कांदा, म्हणजे चोथाच चोथा. डिसेंबरात भुट्ट्याचा कीस तर समोरून जातो आणि बघत बसावं लागतं. जेवणानंतर बडीशेप चघळायची सवय पण सोडा, ते दाणे आतड्याच्या वळणात अडकून बसतात.

आदल्या दिवशी सकाळपासून मात्र काहीच खायचं नाही, फक्त पारदर्शक पातळ. इथे आमच्याकडे जो गोंधळ झाला तो प्रत्येक मराठी घरात होणार याची मला खात्री आहे. मी सासूबाईंना सांगितलं, उद्या नानांना उपाशी ठेवायचंय. त्यांनी उपाशी ऐवजी उपास ऐकलं आणि सकाळी सहाला साबुदाणा भिजलेला, दाण्याचं कूट तयार. "अगं उपासाला खिचडी चालते की!" चालते आई, एकादशीला चालते, कोलनला नाही चालत. म्हणून घरात उपास हा शब्दच वापरू नका, सरळ सांगा की ग्लासाच्या आरपार पेपर वाचता आला पाहिजे असंच द्यायचंय. बिनदुधाचा चहा, गाळलेलं लिंबू सरबत, शहाळ्याचं पाणी (किडनीवाल्यांना विचारून), ओआरएस, गाळलेलं वरणाचं वरचं पाणी, सफरचंदाचा गाळलेला ज्यूस. दूध नाही, ताक नाही, मठ्ठा नाही. लाल जांभळं काही नको, म्हणजे कोकम सरबत पण नाही, नंतर रक्त आहे की रंग आहे हे कोणालाच कळत नाही.

बाथरूमची तयारी पावडरच्या आदल्या रात्रीच. आपल्याकडे नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो, तर बघून घ्या की पावडरचा दिवस कोरडा तर नाही ना, टाकी भरलेली पाहिजे, शिवाय दोन बादल्या वेगळ्या. वयस्कर माणूस असेल तर पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवरची चटई, पायपुसणं, चपला सगळं उचला, रात्रीसाठी छोटा दिवा लावा, आत प्लास्टिकचं स्टूल ठेवा. आतून कडी लावू देऊ नका, चक्कर आली तर दार तोडावं लागेल. सुती पायजम्याच्या जास्तीच्या दोन जोड्या. आणि व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल, पहिल्या जुलाबाच्या आधीच लावायचं, नंतर लावून काही उपयोग होत नाही, दहाव्या वेळेला कातडी सोललेली असते.

आता पावडर. नानांना पॉलिइथिलीन ग्लायकॉलची दोन पाकिटं होती, एका पाकिटाला २ लिटर पाणी, म्हणजे एकूण ४ लिटर. तुमच्याकडे एकच असेल, किंवा वेगळंच औषध असेल, पाकिटावर आणि कागदावर लिहिलंय तेवढंच पाणी घ्या, कमी पाण्यात घट्ट करून पटकन संपवू असा शहाणपणा नको, ते पाणी आणि क्षार यांचा हिशोब करूनच बनवलेलं असतं. चवीसाठी साखर, ग्लुकोज, सरबताचं सिरप काही घालू नका. का ते मजेदार आहे, म्हणजे मजेदार नाही, भीतिदायक आहे. पूर्वी मॅनिटॉल नावाची साखर या कामाला द्यायचे, आतड्यातले जंतू ती खाऊन हायड्रोजन सोडतात, आणि वर सर्जनचं जाळायचं यंत्र चाललं की आत स्फोट झाल्याच्या घटना घडल्यात. त्यामुळे ती पद्धत मागे पडली. आपली ही पावडर जंतूंना खाता येत नाही, तिला तशीच राहू द्या.

पाणी साधं किंवा थोडं गार घ्या, गार असलं की खारट कमी लागतं, पण डिसेंबरात फ्रिजचं चार लिटर पाणी म्हाताऱ्या माणसाला दिलं तर हुडहुडी भरते, आमचं तसंच झालं, दुसऱ्या ग्लासाला नाना शाल मागायला लागले. मग अर्धं गार अर्धं साधं केलं. २५० मिलीचा एक ग्लास दर १५ मिनिटांनी. ४ लिटर म्हणजे १६ ग्लास, म्हणजे सरळ ४ तास. आम्ही सकाळी ८ ला सुरू करून १२ ला संपवलं, आणि हे गणित उलट्या बाजूने करायचं असतं, पहिली गोळी १ ला आहे म्हणून पावडर १२ ला संपली पाहिजे म्हणून ८ ला सुरू. कारण गोळी आधी आणि पावडर नंतर झाली तर ती गोळी धुऊन बाहेर. मी वर जे दोन कामं म्हटलं ना, त्यांचा क्रम असा आहे, आधी धुवा, मग औषध. रोजच्या बीपी, थायरॉईडच्या गोळ्यांचं पण तसंच, कोणती घ्यायची आणि पावडरच्या किती आधी हे विचारून ठेवा.

घोट घोट करत अर्धा तास एक ग्लास पीत बसू नका, चव जास्त लागते. एका दमात अर्धा, श्वास, मग अर्धा, आणि लगेच लिंबाची फोड चोखायची. स्ट्रॉने जिभेच्या मागच्या बाजूला सोडलं की आणखी सोपं. मळमळ झाली तर पंधरा वीस मिनिटं थांबा, घरात चालवा, मग परत सुरू. नाना सातव्या ग्लासाला रुसले, "बस झालं आता, उद्या मेलो तरी चालेल," वगैरे. मी फ्रिजवर कागद चिकटवला होता १६ चौकोनांचा, प्रत्येक ग्लासाला नातू फुली मारायचा, आजोबा नातवासमोर हार मानत नाहीत, सोळा झाले.

पोट साफ व्हायला पहिल्या तासात काही होईलच असं नाही, घाबरू नका, मग जे सुरू होतं ते थांबत नाही. कुठपर्यंत? शेवटचे दोन तीन वेळा नुसतं पिवळट पाणी, लघवीसारखं, तळ दिसेल असं. तपकिरी गढूळ असेल किंवा कण असतील तर झालेलं नाही, डॉक्टरला कळवा, ते आणखी पाणी किंवा एनिमा सांगतील. हे घरातल्याच कोणीतरी बघायचं, पेशंट स्वतः "हो हो झालं" म्हणतो. किळस वाटते पहिल्यांदा, दुसऱ्यांदा नाही वाटत.

दुपारी १ ला पहिल्या गोळ्या, २ ला दुसऱ्या. फोनला अलार्म दोन लावा, एक देणाऱ्याच्या फोनवर, एक दुसऱ्या कोणाच्या. मेट्रोनिडॅझोलने तोंडात तांब्याच्या भांड्यासारखी चव येते, मळमळ होते, ते अपेक्षित आहे. दारू मात्र त्या दिवशी आणि नंतरही डॉक्टर सांगेपर्यंत बिलकुल नाही. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर स्वतःच्या मनाने दुसरी देऊ नका, फोन करून विचारा. नियोमायसिन प्रत्येक मेडिकलवर पडलेली नसते, आम्हाला सुदामा नगरात मिळाली नाही, शेवटी दवा बाजारला चक्कर मारावी लागली, तर हे तीन चार दिवस आधी आणून ठेवा, आदल्या सकाळी नाही.

दिवसभर पाण्याव्यतिरिक्त क्षार जाणं पण गरजेचं, नुसतं साधं पाणी लिटरनी प्यायलं की सोडियम पडतं आणि माणूस भ्रमिष्टासारखं बोलायला लागतो. ओआरएस, मीठ घातलेलं वरणाचं पाणी आलटून पालटून. पोट दगडासारखं फुगलं आणि खाली काही येत नाही, सतत उलट्या, सहन न होणारी कळ, उभं राहिल्यावर डोळ्यापुढे अंधार, छातीत धडधड, यातलं काहीही झालं तर पुढचा ग्लास थांबवून फोन.

संध्याकाळी अंघोळ. आम्हाला क्लोरहेक्सिडिनचा साबण दिला होता, साध्या साबणानेही चालतं, पण पोटावरचे केस घरी रेझरने काढू नका, त्याने बारीक चिरा पडतात आणि तिथेच इन्फेक्शन होतं. काढायचेच असतील तर तिकडे ते क्लिपरने काढतात.

गाडीत मागच्या सीटवर प्लास्टिक, त्यावर जुना टॉवेल, पेशंटला मोठ्या माणसांचा डायपर. राजवाड्याकडून जाऊ नका हो संध्याकाळी सातला, ट्रॅफिकमध्ये अडकलात तर तुमचं तुम्हीच बघा.

आणि आता माझी चूक. रात्री ११ चा डोस हॉस्पिटलमध्ये द्यायचा होता आणि ती स्ट्रिप घरी फ्रिजवर राहिली. साडेनऊला लक्षात आलं. वॉर्डमध्ये विचारलं तर सिस्टर म्हणाल्या आमच्याकडे नाही, बाहेरून आणा, बाहेरच्या दुकानात नाही. हे स्कूटरवर घरी सुदामा नगरला गेले आणि अकराला पाच कमी असताना घामेघूम परत आले, डिसेंबरच्या थंडीत. तर ११ च्या गोळ्या सकाळीच वेगळ्या पाकिटात काढून हॉस्पिटलच्या फाईलला स्टेपल करा.

रात्री ११ नंतर पारदर्शक पातळ किती वाजेपर्यंत चालतं ते भूलतज्ज्ञ सांगतात, साधारण ऑपरेशनच्या २ तास आधीपर्यंत देतात, पण तुमच्या पेशंटला वेगळं सांगितलं असेल तर तेच. स्टोमाची, म्हणजे मळ पोटावरच्या छिद्रातून पिशवीत काढायची शक्यता असेल तर पिशवीची जागा पेनने पोटावर आधीच मार्क करतात, ती खूण अंघोळीत घासून काढू नका. सकाळी शिरेतून अँटिबायोटिक देतात, चिरा द्यायच्या आधी, साधारण तासाभराच्या आत. ते गोळ्यांच्या बदल्यात नाही, गोळ्यांच्या वर आहे. मी सिस्टरला विचारलं होतं की मग आम्ही काल एवढं कशाला केलं, त्या हसल्या, म्हणाल्या ते रक्तातून जातं, तुम्ही दिलेलं आतून.

पावणेसातला भूलतज्ज्ञांनी तीन गोष्टी विचारल्या. शेवटचं पाणी किती वाजता, शेवटची संडास कुठल्या रंगाची, कुठल्या गोळ्या किती वाजता गेल्या. नानांनी फाईलीतून तो फुल्यांचा कागद काढून त्यांच्या हातात दिला.